अवांतर म्हणजे कोणासाठी अवांतर?

या वेळचं पत्र नागपूरच्या नंदनवनमधून आलंय. थोडं छोटं करून देते:

"ताई, मी 27 वर्षांची. गाव गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याकडे. चार वर्षं झाली नागपुरात रूम करून राहते, राज्यसेवेचा अभ्यास चालू आहे. शाळेत असताना मी खूप वाचायची, हातात येईल ते, किराणा बांधून आलेला पेपरसुद्धा. आता दिवसभर वाचते पण फक्त चालू घडामोडी. मागच्या महिन्यात बर्डीच्या बाजारातून एक जुनी कादंबरी आणली, चाळीस पानं वाचली आणि इतकं गिल्टी वाटलं की गादीखाली ठेवून दिली. सर म्हणतात अवांतर वाचन पोस्ट मिळाल्यावर करा. रूममधल्या दोघी सिरीज बघतात, पिक्चरवर तासतास बोलतात, मला फक्त कोणाला कोणता अवॉर्ड मिळाला तेवढं माहीत असते. आणि खरं सांगू, जे वाचते तेही पंधरा दिवसांत साफ होते. मी वाचणारी पोट्टी होती ना, मग आता काहून असं होऊन राहिलं? वाचू की नको वाचू?"

पहिले ती कादंबरी गादीखालून काढ आणि उशीशेजारी ठेव. बाकीचं मग बोलू. तुला 'तू' म्हणते, माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे म्हणून सवयीनं तेच तोंडात येते.

तुझ्या पत्रातली ती किराणा बांधून आलेल्या पेपरची गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. अर्धा फाटलेला कागद, बातमीची सुरुवात आहे तर शेवट नाही, शेवट आहे तर सुरुवात कोणत्या तरी दुसऱ्याच्या घरी हळद बांधून गेलेली, मधोमध तेलाचा डाग, आणि तरी एक पोरगी चुलीजवळ उभी राहून तो वाचते. तेव्हा तुला चार पर्याय नव्हते, निगेटिव्ह मार्किंग नव्हतं, तुला फक्त पुढं काय झालं ते पाहिजे होतं. आता बातमी तुझ्यासमोर पूर्ण येते, स्वच्छ छापलेली, मुद्द्यांमध्ये तोडलेली, महत्त्वाचं ते ठळक केलेलं, आणि पुढं काय झालं हे तुला वाटतच नाही विचारावंसं, कारण ते पेपरात येणार नाही. मला तर हेच दिसते बघ, तुझ्या वाचण्यातून तुझा स्वतःचा प्रश्न निघून गेला आणि त्या जागी आयोगाचा प्रश्न येऊन बसला. दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर माणूस किती दिवस सांभाळणार, पंधरा दिवस सांभाळते तेच खूप झालं.

उदाहरण देते म्हणजे कळेल. दिव्या देशमुख घे, आपल्या नागपूरची पोरगी. तुझ्या वहीत असणारच: महिला बुद्धिबळ विश्वचषक, जुलै 2025, बाटुमी, जॉर्जिया, भारताची 88वी ग्रँडमास्टर. झाले पाच तुकडे, पाचही वेगवेगळे पाठ करायचे. आता हेच असं बघ. फायनलला समोर कोण बसलं होतं, तर कोनेरू हम्पी. हम्पी ग्रँडमास्टर झाली 2002 मध्ये, पंधरा वर्षांची असताना, आणि दिव्याचा जन्म 2005 चा, म्हणजे समोरची बाई ग्रँडमास्टर झाली तेव्हा ही जन्मलीसुद्धा नव्हती. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले, मग बरोबरी फोडायला टायब्रेकचे रॅपिड डाव, म्हणजे कमी वेळाचे, आणि तिथं ही जिंकली. ग्रँडमास्टर व्हायला जे नॉर्म लागतात, म्हणजे मोठ्या स्पर्धांमधली ठरलेली कामगिरी, त्यातला एकही तिच्याकडे नव्हता, पण हा कप जिंकणाऱ्याला किताब थेट मिळतो, म्हणून एकोणीस वर्षांची पोरगी एका डावावरून कप आणि किताब दोन्ही घेऊन उठली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. आता विसरून दाखव. मी बुद्धिबळ खेळत नाही, मला घोडा कसा चालतो तेवढंच माहीत आहे, पण हे मला वर्षानुवर्षं लक्षात राहील कारण माझा प्रश्न होता की हिच्यासमोर कोण होतं आणि त्या बाईला काय वाटलं असेल.

आणि आता तुझ्या घराजवळचं. सामूहिक वनहक्क मिळालेलं देशातलं पहिलं गाव, मेंढा (लेखा), तालुका धानोरा, 2009. ही ओळ प्रत्येक नोट्समध्ये असते. तुझ्याच जिल्ह्यातलं गाव, एसटीनं जाऊन येता येईल असं, आणि तू ते एका ओळीत पाठ केलं असशील, याचं मला खरंच वाईट वाटते. कारण त्या ओळीमागे एक असा प्रश्न आहे की तो कळला की चार वेगवेगळी वर्षं आपोआप एका दोरीत येतात. प्रश्न असा, बांबू झाड आहे की गवत?

ऐकायला सोपं वाटते ना. वनस्पतीशास्त्रात बांबू गवताच्या कुळातला. पण 1927 च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येतच बांबू घातला होता, म्हणजे तो लाकूड, म्हणजे त्यावर वनखात्याचा ताबा. मग 2006 चा वनहक्क कायदा आला, त्यात बांबू गौण वनोपज, लाकडात न मोजलेलं, म्हणजे जंगलाचा हक्क मिळालेल्या ग्रामसभेनं तो काढावा आणि विकावा. मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टरचा हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागते, आणि तो परवाना मिळेना, कारण खात्याच्या लेखी बांबू अजून झाडच होता. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. आणि 2017 मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. 1927, 2006, 2011, 2017, बघ, चार वर्षं तू आत्ता पाठ केली नाहीस तरी तुला आली, कारण बांबू त्या चारही वर्षांतून चालत आलाय.

मला त्या गावाचं अजून एक फार आवडते. तिथं निर्णय बहुमतानं घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबतात, आणि निर्णयाच्या आधी गावाचा अभ्यासगट बसते. अभ्यासगट म्हणजे आपल्या इथं परीक्षेचा ग्रुप डोळ्यासमोर येते, तिथं तसं नाही, गोंड माणसं, त्यातली कित्येक शाळेत जास्त न गेलेली, बाहेरून जाणकार माणूस बोलावतात, कायदा समजून घेतात, हे जंगल कोणाचं, हा नियम कोणी केला, यावर बसून बोलतात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुला माहीतच असेल, पण ती घोषणा इतक्या बसण्यातून आली आहे. मिलिंद बोकीलांचं 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक यावरच आहे, मिळालं तर घे. हे चालू घडामोड आहे की अवांतर? तूच सांग.

तो 'अवांतर' शब्द मला कधीच पटला नाही. मी बावीस वर्षं एका शाळेच्या वाचनालयात काढली, तिथं पालक येऊन सांगायचे की बाई आमच्या पोराला अवांतर पुस्तकं देऊ नका, बोर्डाचं वर्ष आहे. मी मान हलवायची आणि पोरगा आला की त्याला दोन पुस्तकं द्यायची, एक दप्तरात आणि एक पोटाशी शर्टाच्या आत. आता तुझे सर चूक आहेत असं मी म्हणत नाही, त्यांनी शेकडो पोरं पाहिली असतील जी अभ्यास टाळायला कादंबरीत तोंड घालतात, आणि तुझ्या घरून दर महिन्याला रूमचं भाडं येते ते कसं येते तुलाच माहीत. पण 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली ना, निबंधाचाच पेपर 250 मार्कांचा, तिथं पर्याय नाहीत, कोरा कागद आहे आणि तू आहेस. ज्यानं चार वर्षं फक्त मुद्दे वाचले त्याच्या पेनातून मुद्देच येतील, वाक्य कुठून येणार, वाक्य तर दुसऱ्याची लांब लांब वाक्यं वाचूनच अंगात येते.

हे मार्कांचं मी सरांना सांगण्यासाठी तुझ्या हातात दिलं. मला स्वतःला कादंबरी त्यासाठी नको आहे. समज तू तहसीलदार झालीस, तुझ्या टेबलासमोर एक म्हातारा सातबारा घेऊन उभा आहे आणि त्याला नीट बोलता येत नाही, तो मुद्द्याचं सोडून पोराचं लग्न, मेलेला बैल, भावानं केलेला दगा असं सगळं सांगत राहते. कादंबरी वाचणारीला माहीत असते की मुद्दा तिथंच कुठंतरी आहे, बैलाच्या आसपास. ती थांबते. एवढ्यासाठी वाच.

आता रूममधल्या दोघींचं. तू लिहिलं तसं की त्यांना पिक्चर, सिरीज सगळं कळते आणि तू बाहेरची. बाप्पा, तू झाडीपट्टीची, आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातली पोरगी आहेस! दिवाळी झाली की होळीपर्यंत वडसा, कुरखेडा, आरमोरी सगळीकडे नाटकं, मंडईला म्हणजे गावच्या जत्रेला नाटक, शंकरपटाला म्हणजे बैलांच्या शर्यतीला नाटक, रात्री उशिरा पडदा उघडते आणि उजाडायला संपते, आणि लोक चादरी पांघरून लेकराबाळांसकट जमिनीवर बसलेले असतात. लहानपणी तू आईच्या मांडीवर असंच एखादं बघितलं असशील ना? तुझ्या वहीत त्याचीही एक ओळ असेल, पद्मश्री 2023, परशुराम खुणे, झाडीपट्टी रंगभूमी. ज्या पोरीनं थंडीत अख्खी रात्र एका गोष्टीसमोर काढली तिचं लक्ष लागत नाही असं मी मानणारच नाही. त्या दोघींना एकदा झाडीपट्टीबद्दल सांग, खलनायक स्टेजवर आला की लोक कसे ओरडतात ते करून दाखव, मग बघ कोण कोणाचं ऐकत बसते.

आणि त्यांच्यासोबत महिन्यातून एक पिक्चर पूर्ण बघ, हातात वही न घेता. फेब्रुवारी 2025 ला छावा आला तेव्हा माझ्याकडे कॉलेजची पोरं यायची, काकू ती शिवाजी सावंतांची कादंबरी आहे का म्हणून. 1979 ची कादंबरी, इतक्या वर्षांनी विशी-बाविशीतली पोरं मागून राहिली, मला इतका आनंद झाला. पण मी प्रत्येकाला हेही सांगितलं की पिक्चर कादंबरीवरून झाला, कादंबरी इतिहासावरून, इतिहास कागदपत्रांवरून, आणि दर पायरीवर कोणीतरी काही ठेवलं आणि काही सोडलं, काय सोडलं ते शोधायला पुढचं पुस्तक लागते. त्यातला एक पोरगा खरंच शोधत गेला, अजून येते कधीकधी, आता बखरी मागते.

याच्याच पुढचं एक सांगते, जरा जड आहे. 17 मार्च 2025 ला औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपूरच्या महाल भागात दंगल झाली, कर्फ्यू लागला, तू तेव्हा इथंच असशील. माझी मावशी महालात राहते. मी त्या रात्री तीन वाजेपर्यंत फोन घेऊन बसली होती, तिच्याशी बोलणं झालं होतं तरी बसली होती, ग्रुपवर काय काय येत होतं, अफवा, आवाज नसलेले व्हिडिओ, त्यातला एक तर दुसऱ्याच कोणत्या गावचा निघाला, आणि मी ते सगळं वाचलं. सहा तास वाचलं. सकाळी उठली तर मला एक गोष्ट धड सांगता येईना, नुसती छाती धडधडत होती. मावशीचा फोन आला, म्हणे दूधवाला आला नाही, काळा चहा पिऊन बसलो आहोत, तू झोपलीस का? त्यानंतरचे काही दिवस मी फोन फक्त मावशीसाठी ठेवला, बातमी सकाळच्या पेपरात वाचायची आणि दुपारी कपाटातलं जुनं इतिहासाचं पुस्तक. भीती एकदम गेली नाही, पण माझ्या शहरात हे काय झालं यावर मला दोन वाक्यं शांतपणे बोलता यायला लागली, शेजारणीशी, भाजीवाल्याशी, त्या ग्रुपवरसुद्धा. हेच माझं चालू घडामोडींबद्दलचं मत आहे, ताजी बातमी जितकी गरम तितकं तिच्याजवळ जुनं काहीतरी ठेवून वाचावं.

आता तू रोज काय करशील ते. रात्री अभ्यास संपल्यावर अर्धा तास, दहा ते साडेदहा म्हण, फोन चार्जिंगला दुसऱ्या कोपऱ्यात. हातात पेन्सिल घ्यायची नाही, हे सगळ्यात कठीण जाईल तुला, चार दिवस हात नुसता शिवशिवेल अधोरेखित करायला, करू दे. समजलं नाही तर पुढं जा. आवडली नाही कादंबरी तर शंभर पानांवर सोडून दे, पुस्तक अर्धवट सोडणं हा काही गुन्हा नाही, मी दरवर्षी कितीतरी सोडते. किती पुस्तकं झाली हे मोजू नको, लोक आजकाल वर्षाचे आकडे टाकतात, बावन्न वाचली, शंभर वाचली, तुला अजून एक मेरिट लिस्ट कशाला पाहिजे.

आणि आठवड्यातून एक बातमी अशी निवड की जिच्यावर तुझा स्वतःचा प्रश्न आहे. एकच. वहीच्या मागच्या पानावर तो प्रश्न लिही, बांबूसारखा साधा. मराठीला ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला हे तुला पाठ आहे, पण मराठीतलं पहिलं गद्य पुस्तक कोणी आणि कसं लिहिलं असं विचारलंस तर तू आपल्या विदर्भातल्या ऋद्धिपूरला पोचशील, अमरावती जिल्ह्यात, आणि तिथं तुला म्हाइंभट भेटतील, चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन विचारून गोळा करणारे, त्याचं लीळाचरित्र झालं, तेराव्या शतकात. आता त्याच ऋद्धिपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालंय, म्हणजे परत चालू घडामोड. उत्तर लगेच नाही मिळालं तरी चालते, प्रश्न महिनाभर डोक्यात राहू दे, तोच तुला पुस्तकापर्यंत नेईल.

पुस्तकं कुठून आणायची तर बर्डी तुला माहीत आहेच. तुम्ही पोरं ज्याला लायब्ररी म्हणता ना, महिन्याचे पैसे भरून, तिथं खुर्ची असते, कूलर असते, चार्जिंगचा पॉइंट असते, पुस्तक स्वतःचं न्यावं लागते. एखाद्या खऱ्या वाचनालयाचं सभासद हो, जिथं कपाट उघडून उभं राहता येते आणि जे शोधायला गेलो त्याच्या शेजारचंच आवडून जाते. आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा. गेली असशील तर स्टॉलवर परत जा, घाई न करता. मी दरवर्षी जाते. लांबून आलेली माणसं, रात्रभर प्रवास केलेला, डोक्यावर गाठोडं, आणि परत जाताना त्या गाठोड्यात पुस्तकं. एका वर्षी एक आजी नातीला म्हणाली, याच्यावरचं नाव वाच, मग त्याच्यावरचं वाच, अशी सात-आठ नावं वाचून घेतली आणि त्यातलं एक पुस्तक कमरेच्या पिशवीतून पैसे काढून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. मी तिथं उभी राहून रडली, खोटं कशाला सांगू. त्या आजीला कोणी जाऊन सांगावं की हे अवांतर आहे!

गिल्टी वाटणं एका दिवसात जाणार नाही, तू घरचे पैसे जपणारी पोरगी आहेस म्हणून वाटते ते, त्यात वाईट काही नाही. वाटलं तरी अर्धा तास पूर्ण कर. दोन आठवड्यांनी बघ, सकाळी पेपर वाचताना एखाद्या ठिकाणी आपोआप थांबशील, असं कसं म्हणशील मनाशी, तेव्हा समज ती किराण्याच्या कागदावाली पोट्टी आली परत.

दिवाळीला गावी गेलीस तर एक नाटक बघूनच ये, जमलं तर रूममधल्या दोघींना घेऊन जा, स्वेटर द्यायला विसरू नको त्यांना. आणि तू त्या कादंबरीचं नाव पत्रात लिहिलंच नाहीस. ते कळव, आणि एक्केचाळिसाव्या पानावर काय झालं तेही.